रोजचा रंकाळा, रोजची तीच रेघ

बाई, नमस्कार.

मी ४१ वर्षांची आहे. कोल्हापुरात शिवाजी पेठेत राहते आणि एका पतसंस्थेत कॅशियर आहे. शाळेत असताना चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा दिल्या, इंटरमिजिएटला ए ग्रेड होती. मग लग्न, मुलं, नोकरी, आणि चित्रकला सुटली ती सुटलीच. गेल्या पाडव्याला ठरवलं की रोज एक स्केच काढायचंच. तेव्हापासून एक दिवस चुकलेला नाही. पहाटे रंकाळा तलावावर फिरायला जाते, तिथेच कठड्यावर बसून अर्धा तास काढते. तीन वह्या भरल्या. पण परवा तिन्ही वह्या पहिल्या पानापासून चाळल्या आणि मन खट्टू झालं. झाड, पाणी, पाण्यातला दगडी संध्यामठ. पुन्हा झाड, पाणी, संध्यामठ. धाकटी म्हणाली, "आई, हे कालचंच आहे ना?" ते सहा महिन्यांपूर्वीचं होतं. हात बसलाय, पण नवं काही सुचत नाही. मोबाईलवर लोक रोज काय काय वेगळं काढताना दिसतात. माझ्यात कल्पकताच नाही का? की आता जागा बदलू? सोबत चार पानांचे फोटो पाठवते.

– शिवाजी पेठेतील एक वाचक

* * *

नमस्कार,

तुमची चारही पानं मी मोठी करून शेजारी शेजारी ठेवली आणि बराच वेळ बघत बसले. आधी जे जमलंय ते सांगते. संध्यामठाच्या खांबांमधली अंतरं तुम्ही नेमकी पकडली आहेत. पाण्यातलं प्रतिबिंब वस्तूच्या बरोबर खाली उतरतं, बाजूला कलत नाही, हे तुमच्या हाताला कळलंय. रोज बसल्याशिवाय ते कळत नाही. त्यामुळे तीन वह्या वाया गेल्या असं मनातही आणू नका.

आता जे खटकलं ते. चारही पानांत पाण्याची पलीकडची कड पानाच्या बरोबर मधोमध आहे. चारही पानं बाह्यरेषेने सुरू झाली आहेत आणि छाया मागाहून आत भरली आहे. सगळ्यात गडद जागा कोणती आणि कोरा कागद कुठे सोडायचा, हे एकाही पानात ठरलेलं दिसत नाही. सगळं मध्यम करडं. आणि झाडं! चार पानांत मिळून मी नऊ झाडं मोजली. नऊच्या नऊ झाडांची पालवी एकाच गोलगोल वळणाने काढली आहे. रंकाळ्याच्या काठावरची झाडं काही एका जातीची नाहीत.

तुम्ही दिवसभर सह्या ताडून बघता, म्हणून तुम्हाला हे चटकन कळेल. सही करताना माणूस अक्षरांकडे बघत नाही, हात आपोआप फिरतो. तुमच्या झाडांची सही झाली आहे. संध्यामठाचीही व्हायला आली आहे. हात बसला, आणि हात बसल्यावर डोळ्याने काम थांबवलं. तुमच्या मुलीला जे दिसलं ते हेच.

हे मला नीट माहीत आहे, कारण मी स्वतः यातून गेले आहे. शाळेत नोकरीची सगळी वर्षं मी फळ्यावर मुलांना झाड काढून दाखवलं: खोड, दोन फांद्या, वर पालवी. निवृत्त झाल्यावर हौसेने वही घेऊन गल्लीतल्या पिंपळासमोर बसले, तर कागदावर फळ्यावरचंच झाड उतरलं. पिंपळ समोर उभा होता आणि मी त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हते. मग मी एक केलं. वहीवर एक जुना रुमाल टाकला, पेन्सिल धरलेला हात त्याखाली घातला आणि कागदाकडे अजिबात न बघता, डोळा खोडावरून जितक्या सावकाश सरकेल तितक्याच सावकाश पेन्सिल सरकवत गेले. रुमाल काढला तेव्हा झाड ओळखू येत नव्हतं. पण खोडाला एका जागी जो खोलगट पीळ आहे तो त्या वेड्यावाकड्या रेषेत होता, आणि तो मला तेव्हा पहिल्यांदा दिसला. तो पिंपळ मी तीस वर्षं रोज ओलांडत होते.

तेव्हा पहिलं औषध हेच घ्या. आठवडाभर रंकाळ्यावर गेलात की पहिली पाच मिनिटं कागदाकडे न बघता एकच झाड काढा. पेन्सिल उचलायची नाही, खोडरबर पिशवीतच राहू द्या. चित्र चांगलं येणार नाही, त्याची काळजी करू नका. या पाच मिनिटांनंतर जे नेहमीसारखं चित्र काढाल, त्यातली रेघ आपोआप बदललेली असेल.

*

तुम्ही दोन प्रश्न विचारलेत. जागा बदलू का, हा सोपा आहे, म्हणून आधी घेते. नका बदलू.

चित्रकार अबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. स्कूलमधून शिकून आपल्या गावी, कोल्हापूरला परतले. राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला. त्यानंतर १९३१ मध्ये जाईपर्यंत हा माणूस रंकाळा, संध्यामठ, कोटितीर्थ हाच परिसर रंगवत राहिला. तुम्ही जिथे बसता, तिथल्याच आसपास. त्यांची चित्रं पुन्हा बघाल तेव्हा झाडापाण्याकडे दुर्लक्ष करा आणि उजेड किती वाजताचा आहे तेवढं शोधा. ढगातून गाळून आलेला उजेड वेगळा, उन्हं कलतानाचा वेगळा. जागा तीच, पण दर वेळी त्यांनी तिला नवा प्रश्न विचारला. तुमचा प्रश्न वर्षभर एकच राहिला आहे: "संध्यामठ कसा दिसतो?" त्याचं उत्तर पहिल्या वहीतच मिळालं. आता प्रश्न बदला.

उद्याच बदलता येईल असा प्रश्न सांगते. जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यात काडेपेटीएवढी चौकोनी खिडकी कापा. एक डोळा मिटा आणि त्या खिडकीतून रंकाळा बघा. खिडकी वर सरकवली की आकाश भरून येतं आणि पाण्याची पट्टी तळाशी बोटभर उरते. खाली आणली की सगळं पाणीच, मठाचं फक्त प्रतिबिंब, वरचा मठ चित्राबाहेर. उभी धरली की दोन खोडांमधली फट. वहीच्या एका पानावर काडेपेटीएवढे सहा चौकोन आखा आणि सहा वेगवेगळ्या खिडक्या भरा, एकेक तीन मिनिटांत. तपशील नको, फक्त काळं, करडं आणि कोरं, एवढ्या तीन छटा. अट एकच, सहापैकी एकाही चौकोनात पाण्याची कड मधोमध येता कामा नये. अर्धा तास तुमच्याकडे आहेच.

आणि कठड्यावरून एकदा खाली उतरून बसा. चार फूट खाली गेल्यावर सगळं बदलतं, करून बघा.

*

दुसरा प्रश्न, कल्पकतेचा, मनाला लागणारा आहे. तो जरा सावकाश घेऊ.

कल्पकता ही कुणाला मिळालेली आणि कुणाला न मिळालेली वस्तू आहे, असं मला वाटत नाही. मी हजारो मुलांच्या वह्या बघितल्या. ज्याच्या डोक्यात बघितलेल्या गोष्टींचा साठा मोठा, त्याला जास्त सुचतं. सुचणं म्हणजे त्या साठ्यातल्या दोन लांबच्या गोष्टी एकत्र येणं. तुमच्या साठ्यात वर्षभर फक्त पहाटेचा रंकाळा पडतो आहे, तर दुसरं येणार कुठून? साठा वाढवायचा, आणि तोही वेगवेगळ्या स्वभावाच्या गोष्टींनी. कोल्हापुरात त्यासाठी लांब जायला लागत नाही.

एखाद्या संध्याकाळी गंगावेशीत दूध कट्ट्यावर जा. म्हशी तिथे आणून गिऱ्हाईकासमोर धार काढून देतात, हे तुम्हाला काय सांगायचं, पेलाभर दूध तुम्हीही उभ्याने प्यायलात असाल. पण या वेळी म्हैस बघायला जा. पेन्सिल घरी ठेवा. एक जाड ब्रश, काळी शाई आणि पाण्याची छोटी बाटली न्या.

म्हैस का सांगते? कारण तिला बाह्यरेषेने काढताच येत नाही. काळ्या कातडीवर बल्बचा उजेड पडतो तेव्हा पाठीची कड कुठे संपते ते दिसत नाही. दिसतात ती कमरेची दोन हाडं, बरगड्यांवरचा ओला चकाकता पट्टा, नाकपुडीभोवतीची ओल आणि शिंगाची वरची बाजू. बाकी सगळा एकच मोठा काळा आकार. तर उलटीकडून सुरुवात करा. ब्रश शाईत बुडवून अंगाचा आख्खा आकार एका दमात भरा, आणि उजेडाच्या चार जागा कोऱ्या सोडा. फक्त चार. पाठ, कमरेचं हाड, नाक, शिंग. हात वर करून बघाल तेव्हा तुम्ही एकही रेघ काढलेली नसेल आणि म्हैस उभी असेल.

पहिल्या दोन-तीन जमणार नाहीत. कोरी सोडायची जागा शाईने भरून जाईल. पुढचं पान उलटा, म्हैस कुठे जात नाही. शेपटी आणि कान तेवढे हलतात. मी पहिल्यांदा तिथे बसले होते तेव्हा धार काढणाऱ्याने मान वळवून वहीत बघितलं आणि म्हणाला, "शिंगं बारकी काढालाईसा व्हय बाई? आमची म्हस पंढरपुरी हाय!" बरोबर होतं त्याचं. पंढरपुरी म्हशीची शिंगं खांद्याच्याही मागे जातात, तलवारीसारखी. मी डोक्यातल्या म्हशीची शिंगं काढली होती. त्या एका वाक्याने मला जे शिकवलं ते कुठल्या वर्गात शिकले नव्हते. लोक वहीत डोकावतात म्हणून संकोचू नका. ज्याची वस्तू आहे त्याला विचारा, काय चुकलं ते.

*

म्हशीने तुमची छाया सुटेल. आकार सुटण्यासाठी घरातली कोल्हापुरी चप्पल पुरे.

जोड दारात जसा पडलाय तसाच राहू द्या, नीट लावू नका. एक सरळ, दुसरी तिरकी, तिचा पट्टा थोडा वर उचललेला. आता चप्पल काढायची नाही. चपलेच्या आतल्या आणि भोवतालच्या रिकाम्या जागा काढायच्या. अंगठ्याच्या कडीतून फरशी दिसते तो छोटा आकार. पट्ट्याखालून पलीकडचं दिसतं ती कमान. दोन चपलांच्या मध्ये अडकलेला त्रिकोणासारखा फरशीचा तुकडा. एकेक रिकामा तुकडा काढून पेन्सिलने गडद भरत जा. शेवटी सगळ्या तुकड्यांमध्ये जे कोरं उरेल ती चप्पल असेल. आणि ती नेहमीच्या हाताने काढलेल्या चपलेपेक्षा जास्त बरोबर असेल. 'कोल्हापुरी चप्पल' म्हटलं की हात लगेच सही करतो, वेणी, गोंडा, कान सगळं पाठ असतं. पण दोन चपलांमधल्या फरशीच्या तुकड्याला नाव नाही, त्यामुळे त्याची सहीही नाही. तिथे डोळ्याला झक मारत बघावं लागतं.

हे एकदा जमलं की मग चप्पल लाईनीत एखाद्या कारागिराच्या दुकानात जाऊन, विचारून, अर्धा तास बसा. रापीने चामडं कापतानाचा हात, अरीने भोक पाडतानाचा हात, दोन्हींची ढब वेगळी असते. बोटं आणि हत्यार यांच्या मधल्या फटी काढा, चपलेसारख्याच.

*

हाताचा विषय निघालाच आहे, तर तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त कशाने धरून ठेवलं ते सांगते. 'कॅशियर' या शब्दाने. तो तुम्ही जाताजाता लिहिलात आणि पुढे गेलात.

अहो, दिवसभर तुमच्यासमोर काचेखालच्या फटीतून हात येतात! शेतकऱ्याचा, ऊसतोड करणाऱ्या बाईचा, दुकानदाराचा, ठेव काढायला आलेल्या म्हाताऱ्याचा. पासबुक धरलेला, नोटा मोजणारा, अंगठा उठवल्यावर शाई पुसायला पदर शोधणारा. चित्रकलेच्या विद्यार्थ्यांना हाताचा अभ्यास करायला कुणाला तरी तासभर बसवावं लागतं, आणि तुमच्यासमोर रोज शंभर हात येऊन जातात. चित्रासाठी विषय शोधत तुम्ही रंकाळ्यावर जाता, ते चांगलंच आहे, पण तुमच्या वहीतला सगळ्यात मोठा विषय सकाळी दहानंतर सुरू होतो.

कामावर काढता येणार नाही, हे मला कळतं. काढूही नका. म्हणूनच इथे तुम्हाला इंटरमिजिएटचा तो पेपर आठवून देते जो सगळ्या मुली घाईघाईत उरकायच्या: स्मरणचित्र. शाळेत आपण त्यासाठी 'बसस्टॉपवरची माणसं' नाहीतर 'पतंग उडवणारी मुलं' पाठ करून जायचो, आणि स्मरणाचा पेपर पाठांतराचा व्हायचा. खरं स्मरणचित्र वेगळं असतं. ते असं करा.

दिवसात एकच हात निवडा. पैसे देऊन होईपर्यंतचा जो काय अर्धा मिनिट असेल, त्यात त्या हाताबद्दलच्या तीन गोष्टी मनातल्या मनात शब्दांत म्हणा. उदाहरणार्थ: "अंगठा बाहेरच्या बाजूला वाकलाय. करंगळी बाकीच्या बोटांपासून सुटलीय. मनगटात हिरव्या बांगड्या, त्यातली एक वर चढून अडकलीय." एवढंच. चौथी गोष्ट धरायला जाल तर पहिली निसटेल. रात्री जेवणं झाल्यावर वही घ्या आणि दहा मिनिटांत त्या तीन गोष्टींवरून हात उभा करा. जिथे आठवत नाही तिथे अंदाजाने भरू नका, मोकळं सोडा. तो मोकळा भाग उद्याचा गृहपाठ आहे: उद्या कुठल्याही हाताचं तेवढंच बघायचं, मनगट तळव्याला कसं मिळतं ते.

अडलं तर स्वतःचा डावा हात समोर धरा. बोटांचे सांधे सरळ रेषेत नसतात, कमानीत असतात, तिचा माथा मधल्या बोटावर. अंगठा बाकी बोटांच्या सपाटीत नसतो, तो बाजूने, वेगळ्या तोंडाने निघतो. तुमच्या चौथ्या पानावरच्या बाईच्या हातात नेमकं तेच चुकलंय. आणि मागच्या बाजूने बघितली तर बोटं लांब दिसतात, तळव्याच्या बाजूने आखूड. हे तपासून बघा, मग विश्वास ठेवा.

चेहरे काढू नका, पासबुकावरचं नाव काढू नका. तुमच्या कामावरचा विश्वास वहीपेक्षा मोठा आहे. नुसते हात. महिनाभर असे हात काढलेत की मग एक दिवस हा खेळ करा: म्हातारीचा तो अडकलेल्या बांगडीचा हात रंकाळ्याच्या कठड्यावर ठेवा. किंवा नोटा मोजणारा हात चहाचा पेला धरून दाखवा. एका ठिकाणी बघितलेलं दुसऱ्या ठिकाणी नेऊन बसवा. तुम्ही ज्याला कल्पकता म्हणताय ती मला तरी अशीच येताना दिसली आहे, साठ्यातून.

*

वेगाचंही थोडं सांगते. तुमची सगळी पानं अर्ध्या तासाची आहेत. रविवारी भाजी आणायला कपिलतीर्थ मंडईत जाल तेव्हा पिशवी भरून झाल्यावर एका बाजूला उभ्या राहा आणि तीस सेकंदांची चित्रं काढा. तराजू उचलणारी बाई, वाकून मेथीची जुडी निवडणारा माणूस. नाक-डोळे नकोत, साडीचे काठ नकोत. डोक्यापासून टाचेपर्यंत अंगाचा भार कुठून जातो, ती एकच रेघ आधी, मग खांदे कुणीकडे कललेत आणि कंबर कुणीकडे. माणूस हलला तर चित्र तिथेच सोडून दुसरं धरा. थोड्या वेळाने दुसरं कुणी तसंच वाकेल, तेव्हा पहिलं पुरं करा. एका पानावर पंधरा माणसं मावली पाहिजेत. मंडईतून आल्यावर सोमवारी रंकाळ्यावर फिरणारी माणसं तुमच्या चित्रात काड्यांसारखी उभी राहणार नाहीत.

साधनांवर फार पैसे घालू नका. एचबी पेन्सिल बाजूला ठेवून एक ६बी घ्या, गडद करायची हिंमत तिच्याने येते. कळकाची काडी ब्लेडने तिरकी तासून बोरू करा, शाईत बुडवून काढा. तिची रेघ मध्येच जाड होते, मध्येच कोरडी पडते, आणि खोडता येत नाही. तुमच्यासारख्या नीटनेटक्या हाताला खोडता न येणारं हत्यार हवंच. कोळशाची कांडी जरूर वापरा, पण तुमच्या वहीच्या गुळगुळीत कागदावर ती धरणार नाही, थोडा खरखरीत कागद आणा. एका आठवड्यात एकच साधन. चार साधनं एकदम काढून बसलं की लक्ष साधनातच जातं.

कोळसा हाताशी आला की ऊस हंगामात एखादं गुऱ्हाळ गाठा. रस आटवायच्या काहिलीवरची वाफ काढायला पेन्सिलीने कधी जमत नाही. आख्खं पान कोळशाने काळं करा आणि वाफ खोडरबराने पुसून काढा. चुलवाणाच्या उजेडात अर्धा उजळलेला गुळव्याचा चेहरा त्याच पद्धतीने येतो. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा घरी येऊन रात्री कितीतरी वेळ ते पान बघत बसले होते. काळ्यातून उजेड काढायचा हा आनंद तुम्हाला मिळावा असं फार वाटतं. पूड वापरून छाया-उजेडाचं काय होऊ शकतं ते बघायचं असेल, तर राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालय आहे. आपण त्यांना सिनेमातले चंद्रकांत म्हणून ओळखतो, पण त्यांची पावडर शेडिंगची निसर्गचित्रं एकदा जवळून बघा. मुलीला घेऊन जा. तिची नजर तिखट दिसते.

मोबाईलवरच्या लोकांबद्दल एवढंच म्हणेन: तिथे तुम्हाला प्रत्येकाचं शंभरातलं एक पान दिसतं. स्वतःच्या मात्र तिन्ही वह्यांची सगळी पानं तुम्ही बघितलीत. ही तुलना तुमच्यावर अन्याय करणारी आहे, आणि तिच्यापायी रोजची सवय मोडू देऊ नका. वर्षभर एक दिवस न चुकणं हे मला माझ्या उभ्या आयुष्यात जमलेलं नाही.

फक्त त्या सवयीचा नियम थोडा बदला. 'रोज एक स्केच' असा नियम असला की हात लवकर पुरं होणारं, खात्रीचं चित्र निवडतो, आणि खात्रीचं म्हणजे कालचं. त्याऐवजी 'रोज अर्धा तास' म्हणा. अर्ध्या तासात सहा खिडक्या, नाहीतर एक रुमालाखालचं झाड, नाहीतर रात्रीचा एक अर्धामुर्धा हात, काहीही चालेल. फसलेलं पान फाडू नका. माझ्या एका शिक्षकांना वहीत खाडाखोड अजिबात खपायची नाही, त्यांनी माझं एक पान वर्गासमोर फाडलं होतं. त्यानंतर कितीतरी वर्षं मी फक्त जमणाऱ्याच गोष्टी काढत राहिले. तुमच्या वहीवर तसं करणारं आता कुणी नाही. तुम्हीही करू नका.

पुढच्या महिन्यात मला तीन गोष्टी पाठवा: शाईची एक म्हैस, चपलांमधल्या रिकाम्या जागांचं एक पान, आणि तुमच्या काउंटरवरचे पाच हात, मोकळ्या सोडलेल्या जागांसकट. फोटो काढताना वही खिडकीजवळ सपाट ठेवा आणि स्वतःची सावली पानावर पडू देऊ नका. या वेळी दुसऱ्या पानावर डाव्या कोपऱ्यात जी गडद जागा दिसत होती, ती छाया होती की तुमच्या हाताची सावली, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

तुमची,
बाई